शेऱ्याचा रकाना

"आता ती पिवळी चिठ्ठी येत नाही," बाबा फोनवर म्हणाले, "पण असू दे. कॉम्प्युटर मात्र छान पळतोय." एवढंच. लगेच ते दुसऱ्या विषयावर गेले, आईच्या गुडघ्याबद्दल बोलले, मीही हं-हं करत राहिले. फोन ठेवला, आणि रात्री मागचं आवरताना ते वाक्य परत कानात आलं. कुठली पिवळी चिठ्ठी? आणि 'असू दे' का? बाबांचं 'असू दे' मला लहानपणापासून ठाऊक आहे. ते कधी तक्रार करत नाहीत. एखादी गोष्ट गेली की ती गेली असं मनाशी धरून चालतात, आणि आपल्याला कळतं तोवर त्यांनी तिच्यावाचून चालवायची सवयही करून घेतलेली असते. त्यांच्या कॉम्प्युटरमधून काही गेलं असेल तर ते माझ्याच हातून गेलं होतं, कारण बारा दिवसांपूर्वी तो पळता केला तो मीच. मोठ्या अभिमानाने केला होता.

त्या दिवशी मला घाईने एक फॉर्म छापायचा होता. मी बटण दाबलं आणि खुर्ची ओढून बसले, तर बाबा मागून म्हणाले, "थांब, उठतोय तो. वेळ लागतो त्याला." पंखा घुमायला लागला, आतली हार्ड डिस्क करकरू लागली. दीडेक मिनिटात पडद्यावर नेहमीचं चित्र आलं, सगळ्या चिन्हांसकट, पण ते नुसतं दिसायला. क्लिक केलं तर काही उघडेना. बाणाशेजारचं निळं वर्तुळ गोल गोल फिरत राहिलं, समोरचा लाल दिवा लुकलुकायचं विसरून अखंड पेटून राहिला. मग उजव्या कोपऱ्यातून चौकोन वर यायला लागले. बाबा माझ्या शेजारी उभे राहून शांतपणे सांगत होते, "आता प्रिंटरवाला येईल." आला. त्यांनी फुली दाबली. "आता फोटोंची जागा भरली म्हणणारा." तोही आला. "आता तो साइन इन करा म्हणतो." रोजच्या गाडीची स्टेशनं पाठ असावीत तसा तो क्रम त्यांना पाठ होता. प्रत्येक चौकोनाला ते फुली दाबत होते, न चिडता. मी मात्र आतून इतकी चिडले होते की शेवटी विचारलंच, "बाबा, हे रोज असंच?"

"रोज. हे बघ." त्यांनी कीबोर्डखालून एक पातळ वही काढली.

बाबांनी नोकरीत आयुष्यभर यंत्रांची रीडिंग घेतली. दर तासाला मीटर बघायचा, आकडा लिहायचा, काही वेगळं दिसलं तर पुढे शेरा लिहायचा. त्या वहीत तसेच तीन रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, शेरा. कॉम्प्युटर घेतला त्या आठवड्यापासूनची नोंद, रोजची नाही पण आठवड्यातून एक-दोनदा नक्की. बटण दाबल्यापासून लाल दिवा शांत होईपर्यंतचा वेळ, मनगटावरच्या घड्याळाने मोजलेला. पहिल्या पानावर १ मि. ३५ से. मग १.४०, १.३८. मग एके दिवशी २.२०, आणि शेऱ्यात 'प्रिंटर आला.' काही महिन्यांनी ३.१०, शेरा 'व्हिडिओ कॉलचं बसवून दिलं.' बसवून देणारी मी. मग ४.०५, 'नातू सुटीत राहून गेला.' मग पाच मिनिटांच्या पुढे. आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका तारखेपुढे एकच शब्द होता: 'वय.' त्याच्याखाली डिट्टोची खूण. त्याखाली परत डिट्टो. पानभर डिट्टो, पुढचं पानही डिट्टो, आणि डावीकडे आकडे चढत चढत ६ मि. ५० से.पर्यंत आलेले.

ती तारीख मला आठवत नव्हती, पण ते कुठून आलं ते लगेच कळलं. बाबांनी तेव्हा फोनवर विचारलं होतं की कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो, काही करता येईल का. मी कशात तरी होते. म्हणाले, "जुना झालाय तो बाबा, वय झालं त्याचं. बघू, नवाच घेऊ कधीतरी." दहा सेकंदांचं उत्तर. त्यांनी ते तज्ज्ञाचं मत म्हणून वहीत लिहून घेतलं आणि पुढे कारण शोधायचं थांबवलं. ज्या माणसाने जन्मभर आकडा बदलला की का बदलला ते शोधलं, त्याने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून दोन वर्षं डिट्टो मारले. त्यांचं स्वतःचं वय तेव्हा एकाहत्तर. वय झालं की असं होणारच, हे त्यांना पटायला जड गेलं नसेल, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

फॉर्म बाजूला ठेवला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आत्ता काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी. पहिल्याच पानावर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. परफॉर्मन्सच्या पानावर 'अप टाइम' बघितला, म्हणजे यंत्र शेवटचं पूर्ण बंद होऊन उठलं त्याला किती वेळ झाला. २३ दिवस. "अशक्य," बाबा म्हणाले, "मी रोज रात्री न चुकता बंद करतो." त्यांचंही खरं होतं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं असतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जसाच्या तसा गुंडाळून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उलगडतो. सकाळी लवकर उठता यावं म्हणून केलेली ती सोय. पण महिनाभराचा साठलेला गाळही त्याच्यासोबत गुंडाळला जातो. खरं पूर्ण बंद होऊन सुरू होणं हवं असेल तर 'रीस्टार्ट' करायचं. बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. एवढी साधी गोष्ट त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. सांगायचं काम माझं होतं.

मग स्टार्टअपचं पान. इथे ती सगळी मंडळी ओळीने बसलेली असतात जी कॉम्प्युटर उठल्याबरोबर, कुणी न बोलावता, उठतात. बाबांच्या यादीत चौदा नावं होती. प्रत्येकापुढे तो सुरुवातीला किती भार टाकतो ते लिहिलेलं असतं: लो, मीडियम, हाय. हे अंदाजाने ठरवलेलं नसतं. सुरू होताना ज्याने प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर तीन एमबीहून जास्त ने-आण केली, तो हाय. चौदातले सहा हाय होते. आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता, 'लास्ट बायोस टाइम', ११.२ सेकंद. विंडोजच्या हाती सूत्रं जाण्याआधी यंत्र स्वतःची तपासणी करून उभं राहतं, त्याला लागलेला वेळ. मी बाबांना तो बोट ठेवून दाखवला. यंत्राच्या स्वतःच्या अंगावरचं काम अकरा सेकंदांत उरकत होतं. पुढची साडेसहा मिनिटं त्याच्या पाठीवर बसलेल्यांची होती.

यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवून आम्ही बसलो, आणि ती दुपार मला विसरता येणार नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये कुठला प्रोग्रॅम कुठल्या तारखेला बसवला ते दिसतं. बाबा वहीतली तारीख वाचायचे, मी पडद्यावर शोधायची. २.२० झाले त्या दिवशी प्रिंटरसोबत चार प्रोग्रॅम आले होते. छापण्याचं काम करायला त्यातला एकही सुरुवातीला चालू असण्याची गरज नाही. शाई किती उरली, नवी आवृत्ती आली का, यावर ते नजर ठेवून बसतात. ३.१० ला माझा व्हिडिओ कॉल. ४.०५ ला नातवाने टाकलेलं गेमचं दुकान, जे तो गेल्यानंतर एकदाही उघडलं गेलं नव्हतं आणि तरीही रोज सकाळी पहिल्यांदा जागं होत होतं. पाच मिनिटं ओलांडली त्या तारखेला फोटो आपोआप साठवणारं काहीतरी, तेही मीच, माझ्या मुलांचे फोटो त्यांना दिसावेत म्हणून. आणि एक होता कॉम्प्युटरचा वेग वाढवून देतो म्हणणारा. बाबांनी तो एका जाहिरातीवरून घेतला होता, मला परत विचारायला नको म्हणून. तोही सुरुवातीलाच उठून सगळी डिस्क तपासत बसायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. वेग वाढवण्याचं आश्वासन देणारे हे प्रोग्रॅम मला अजिबात मान्य नाहीत. जे करायचं त्याची सोय कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असते.

चौदातले सात माझे होते. मी प्रेमाने एकेक बसवून दिलेले.

बाबांनी विचारलं की एवढे चौदा जण उठले तर उठले, कॉम्प्युटर सेकंदाला कोट्यवधी हिशेब करतो म्हणतात, मग अडतं कुठे? प्रश्न योग्य होता. अडतं डिस्कपाशी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते, मिनिटाला ७,२०० वेळा फिरणारी, आणि तिच्यावरून सरकणारा एकच दांडा, टोकाला वाचणारं डोकं. हवी ती जागा फिरत डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, चारेक मिलिसेकंद. दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर सेकंदाला पाऊणशे-ऐंशी, त्याहून फार नाही. एकाच प्रोग्रॅमने सलग मागितलं तर हीच डिस्क भराभर देते. पण चौदा जणांनी एकाच वेळी चौदा कोपऱ्यांतून तुकडे तुकडे मागितले की दांडा नुसता इकडून तिकडे धावत राहतो. आपल्याला ऐकू येते ती करकर त्या धावण्याची. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारं काहीच नसतं, म्हणून तिथे हा खोळंबा जाणवत नाही. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या यंत्राला एसएसडी बसवली तर आम्ही केलं त्याहून जास्त फरक पडेल. पण ती पुढची गोष्ट. बाबा कान देऊन करकर ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तो थकलेला नाही. त्याला सगळ्यांनी एकदम हाका मारल्यात."

मी पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकले तो विंडोजच्या आधीचा, डॉसचा काळ होता. काळा पडदा, आणि 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' नावाची एक साधी फाइल. सुरू झाल्यावर काय काय व्हावं ते त्यात आपण ओळीने लिहायचं. न लिहिलेलं काही व्हायचं नाही. एक ओळ जास्त झाली तर मेमरी पुरायची नाही, म्हणून प्रत्येक ओळ विचार करून लिहावी लागे. मग विंडोज ९५ मध्ये स्टार्टअपचा फोल्डर स्टार्ट मेन्यूतच दिसायला लागला, निदान कोण बसलंय ते समोर होतं. पण प्रोग्रॅमांना आणखी एक दार मिळालं होतं, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज स्वतःच्या सेटिंग्ज लिहून ठेवतं त्या वहीतली, 'रन' नावाची जागा, आणि तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवताना त्यांना आपल्याला विचारावं लागत नव्हतं. विंडोज ९८ मध्ये ही यादी दाखवणारं 'एमएसकॉन्फिग' आलं, पण ते नावाने माहीत असेल त्यालाच सापडायचं. सामान्य माणसाला सहज दिसेल अशा जागी ही यादी आली ती २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या टास्क मॅनेजरमध्ये. आधी आपण ओळी लिहीत होतो, मग त्या आपोआप लिहिल्या जायला लागल्या, आणि आपल्याकडे उरलं ते फक्त खोडणं. तेही कुणी दाखवून दिलं तर. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करताना खाली बारीक चौकोनात आधीच टिचकी मारून ठेवलेली असते, ती काढायची असते हे बाबांच्या पिढीला कोण सांगणार? त्यांच्या लेखी छापलेला फॉर्म हा विचारपूर्वक छापलेला असतो.

नावावर उजवं क्लिक, डिसेबल. इतकंच करायचं होतं. बाबांना धाकधूक होती की प्रोग्रॅम पुसला जाईल. नाही जात. तो जिथल्या तिथे राहतो, हवा तेव्हा त्याच्या चिन्हावर क्लिक करून उघडतो; फक्त सकाळी आपणहून उठत नाही. अँटिव्हायरसला हात लावला नाही, आवाजाच्या आणि ग्राफिक्सच्या ओळीही तशाच ठेवल्या. बाकीचे एकेक करून बंद करत गेले. शेवटी एक राहिला. त्याच्या नावावरून काही बोध होत नव्हता, आणि पब्लिशरचा रकाना कोरा. भार लो. ज्याच्यापुढे बनवणाऱ्याचं नाव नाही तो संशयित, असं मनात धरून मी तोही बंद केला. बाबा त्या वेळी आईची हाक ऐकून आत गेले होते. परत येईपर्यंत थांबायचं मला सुचलं नाही. आता कामाला वेग आला होता.

रीस्टार्ट. बाबांनी घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं. पंखा, करकर, चित्र. चौकोन एकही नाही. निळं वर्तुळ दोन-चार वेळा फिरून नाहीसं झालं. दिवा शांत. २ मि. १५ से. बाबांनी आकडा लिहिला, शेऱ्याच्या रकान्यात पेन ठेवलं आणि काहीच न लिहिता वही मिटली. मला वाटलं, भारावून गेले. मी फॉर्म छापला, दोन दिवसांनी माझ्या घरी परत आले, आणि आई फोनवर हसत म्हणाली की अजूनही ते सवयीने बटण दाबून गॅलरीत झाडांना पाणी घालायला जातात आणि परत येतात तर कॉम्प्युटर त्यांची वाट बघत असतो.

तर ती पिवळी चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोन करून विचारलं. बाबा आधी टाळत होते, मग सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः शोधून, कुणालाही न विचारता, एक छोटासा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. कॉम्प्युटर सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा कागद उघडायचा आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं दिसायचं: कुणाचा वाढदिवस, कुणाला फोन, डोळे तपासायची तारीख. त्या चौदा नावांमधलं त्यांनी स्वतः हौसेने बसवलेलं हे एकच. आणि मी ते काढलं. "मग सांगितलं का नाहीत? आणि तुम्ही स्वतः उघडायचीत ना ती." "कुठून उघडायची? ती आपली यायची. मला वाटलं, वेग हवा तर काहीतरी जाणारच."

दोन वर्षांपूर्वी मी यंत्राकडे न बघता उत्तर दिलं होतं. या वेळी यंत्राकडे नीट बघितलं, अगदी सेकंदापर्यंत, आणि शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला विचारलं नाही.

मी म्हटलं, "बाबा, बसा कॉम्प्युटरपुढे. मी सांगते तसं करा." तीन कळा त्यांना आठवत होत्या. स्टार्टअपचं पान त्यांनीच उघडलं आणि यादी मोठ्याने वाचायला घेतली, एकेक अक्षर जुळवत, प्रत्येक नावापुढे "बंद आहे" किंवा "चालू आहे" म्हणत. नवव्या नावापाशी थांबले. "हा का? याच्यापुढे कंपनीचं नाव नाही." "हाच. उजवं क्लिक करा. इनेबल." क्लिकचा आवाज आला. "आता रीस्टार्ट." फोन त्यांनी ठेवला नाही, टेबलावर तसाच असू दिला. पंखा ऐकू आला, मग तीच करकर, पण आता थांबून थांबून येणारी. मी पण घड्याळाकडे बघत होते. आम्ही दोघं काही बोललो नाही.

"आली," बाबा म्हणाले. मग वाचायला लागले. डोळ्यांची तारीख पुढच्या महिन्यातली होती. त्याच्याखालची ओळ वाचताना आवाज जरा खाली गेला. त्यांच्याबरोबर नोकरीला असलेल्या मित्राचा पंचाहत्तरावा वाढदिवस. तारीख पाच दिवसांपूर्वीची.

"बाबा, चुकलं माझं. मी तेव्हा विचारायला हवं होतं."

"दोन मिनिटं सतरा सेकंद," ते म्हणाले. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "मागच्या वेळी शेरा लिहायचा राहिलाय. काय लिहू?"

"वय नाही, असं लिहा. आणि आजच्यापुढे, चिठ्ठी परत आली."

पेन कागदावर चालल्याचं ऐकू येत राहिलं, सावकाश. मग टोपण लावल्याचा टक्क आवाज.

"चल, ठेव आता," बाबा म्हणाले. "मला एक फोन करायचाय."